महाकाव्याचे चित्रपटीय रूपांतर आणि पात्रनिवड

कुंभकोणमनजीकच्या स्वामीमलै येथील स्थपती नारळीच्या पानाच्या पट्टीला घड्या घालून मूर्तीचे तालमान निश्चित करतात. त्यानुसार मेणाची प्रतिकृती घडते. तीवर कावेरीकाठच्या मातीचा लेप दिला जातो आणि मेण वितळून गेल्यावर पोकळीत धातुरस ओतला जातो. मेण नाहीसे झाले, तरी त्याने धारण केलेले प्रमाण मूर्तीत कायम राहते. महाकाव्याच्या रूपांतरालाही हीच कसोटी लावता येईल.

वोल्फगांग पीटरसन यांच्या ‘ट्रॉय’ (२००४) या चित्रपटात अकिलीझच्या भूमिकेसाठी झालेली ब्रॅड पिट यांची निवड देहयष्टीच्या दृष्टीने समर्पक होती. परंतु ‘इलियड’मध्ये अ‍ॅगमेम्नॉनवर शस्त्र उपसणाऱ्या अकिलीझला अथीना केस धरून आवरते, चित्रपटात देवतांचा असा हस्तक्षेप नाही. त्यामुळे त्याचा क्रोध एका योद्ध्याच्या मानभंगापुरता उरतो.

याउलट दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. बाह्य साम्याच्या निकषावर ही निवड सदोष ठरेल. तथापि प्रेक्षकांनी ती भक्तिभावाने स्वीकारली, कारण रामकथेचे प्रमाण त्यांच्या स्मृतीत आधीच सिद्ध होते. अशी स्मृती क्षीण झालेल्या प्रेक्षकांसाठी ते प्रमाण पटकथेनेच सांभाळावे लागते; ती उणीव नटाची लोकप्रियता भरून काढू शकत नाही.