मोजकंच, पण सत्तर वर्षं

कल्याण-शीळ रस्त्यावरचा विको नाका डोंबिवलीकरांना पत्ता सांगायला रोज उपयोगी पडतो. ज्या कारखान्यावरून त्याला हे नाव पडलं, त्याची गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगतं. धंदा वाढवायचा म्हणजे काय करायचं आणि काय मुद्दाम टाळायचं, हे समजून घ्यायला आपल्या गावाजवळ याहून चांगलं उदाहरण मला तरी दिसत नाही.

केशव विष्णू पेंढरकर नागपूरचे. तिथे किराणा दुकान चालवून ते मुंबईत आले आणि दोन-चार धंदे करून पाहिल्यावर परळला स्थिरावले. 1952 साली तिथल्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्यांनी विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. विष्णू हे वडिलांचं नाव, आणि ‘विको’ हे कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. माल तयार व्हायचा स्वयंपाकघरात; बाकीच्या खोल्या म्हणजे ऑफिस आणि गोदाम. पहिलं उत्पादन वज्रदंती दंतमंजन. बाभूळ, जांभूळ, खैर, बकुळ, मंजिष्ठा, जेष्ठमध, लवंग, अक्कलकरा अशा वनस्पतींची ती तपकिरी पूड. चवीला तुरट, बोटाने घासायची. राखुंडी आणि कोळसा सोडू पाहणाऱ्या, पण पांढऱ्या फेसाच्या परदेशी पेस्टकडे वळायला मन न धजावणाऱ्या घरांसाठी ती नेमकी होती. केशवराव आणि त्यांचे मुलगे ती दारोदार विकत फिरले.

दारोदार फिरल्याचा मोठा फायदा म्हणजे गिऱ्हाइकाची शंका थेट कानावर पडते. पुढे ही सवय कामी आली. केशवराव 1971 मध्ये गेले आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेले त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांच्याकडे सूत्रं आली. 1975 च्या सुमारास कंपनीने हळद आणि चंदनतेलाचं क्रीम आणलं. क्रीम म्हणजे पांढरंशुभ्र, अशी तेव्हाची ठाम समजूत. पिवळं मलम चेहऱ्याला लावलं तर डाग पडेल, असं दुकानदारच म्हणत. तेव्हा विक्रेते आरसा घेऊन जात, दुकानदारासमोर ते स्वतःच्या तोंडाला लावून दाखवत, ही कंपनीची आवडती आठवण आहे. क्रीम चोळलं की पिवळेपणा त्वचेत जिरतो. हे बोलून पटवण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. लोकांना पिवळा रंग नको म्हणून रंग काढून टाकायचा, हा मार्ग त्यांच्यापुढे होताच. तो त्यांनी घेतला नाही, कारण हळद दिसलीच नाही तर हळदीचं क्रीम म्हणून विकायचं काय?

मग आली जाहिरात. चित्रपटगृहात, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, दूरदर्शनवर, जिथे पडदा तिथे विको. 1984 मधली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका विकोनेच प्रायोजित केली होती. संगीता बिजलानी आणि मृणाल कुलकर्णी यांचे चेहरे त्या जाहिरातींमुळे घराघरांत पोचले. चाल एक, सांगणं एक, भाषा मात्र प्रांतागणिक वेगळी. दर दोन वर्षांनी जाहिरातीचा सूर बदलणाऱ्या कंपन्यांच्या काळात तीच चाल वर्षानुवर्षं वाजवत राहायला धीर लागतो.

त्या सांगण्याचा गाभा असा होता की, हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक क्रीम आहे. अबकारी खात्याला नेमकं हेच मान्य नव्हतं. सौंदर्यप्रसाधनांवर त्या काळी भरमसाट अबकारी कर होता, आयुर्वेदिक औषधांना सवलत होती. खात्याचं म्हणणं, चेहऱ्याला लावायचं ते प्रसाधनच. तडजोड करून, किंमत वाढवून मोकळं होणं शक्य होतं. पेंढरकर कोर्टात गेले आणि हा वाद दशकानुदशकं चालला. घटकद्रव्यं आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांतली आहेत का, आणि सामान्य माणूस ती वस्तू औषध समजतो का, या प्रश्नांभोवती तो फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तरीही खात्याने नवी नोटीस काढली तेव्हा 2007 मध्ये त्याच न्यायालयाने मिटलेला वाद पुन्हा उकरून काढता येणार नाही, असं बजावलं.

माझ्या मते विकोच्या नेतृत्वाची खरी पारख इथे होते. दुकानात, पडद्यावर आणि कोर्टात ही माणसं एकच वाक्य बोलत होती. जाहिरात विभाग एक सांगतोय आणि वकील भलतंच, अशी वेळ आली असती तर खटला कधीच ढासळला असता.

दुसरी गोष्ट संयमाची. सत्तर वर्षांत विकोची खपाची उत्पादनं बोटांवर मोजता येतील एवढीच राहिली: वज्रदंती पावडर आणि पेस्ट, टर्मरिक, नारायणी मलम, आणि यांचेच काही उपप्रकार. डोंबिवलीसह नागपूर आणि गोव्यात कारखाने झाले, माल परदेशी गेला, पण कंपनी कुटुंबाचीच राहिली, शेअर बाजारात उतरली नाही. डोंबिवलीत केशवरावांच्या नावाने के. व्ही. पेंढरकर महाविद्यालय उभं आहे. नाक्याला कारखान्याचं नाव, कॉलेजला संस्थापकाचं, असं भाग्य फार थोड्या उद्योगांच्या वाट्याला येतं.

या संयमाची किंमतही पडली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गेल्या दशकात पतंजलीने स्वतःची दुकानं उघडून आयुर्वेदिक टूथपेस्टचा बाजार ढवळून काढला. 2016 मध्ये खुद्द कोलगेटने ‘वेदशक्ती’ आणली. ज्या गोष्टीसाठी विको 1952 पासून लोकांची मनं वळवत होती, तिची हवा झाली तेव्हा मोठा घास इतरांनी घेतला. गजाननराव 2015 मध्ये गेले. कायद्याचं शिक्षण घेतलेले संजीव पेंढरकर आणि त्यांची पिढी आता कारभार पाहते. आलिया भटसारखी तरुण अभिनेत्री जाहिरातीत आणणं हा त्यांचा बदल स्वागतार्हच आहे, पण चेहरा बदलून भागणार नाही. आजची तरुण मुलगी क्रीम मोबाइलवरून मागवते आणि त्याआधी अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचते. तिच्यासमोर आरसा घेऊन जाणारा विक्रेता कोण, हे या पिढीला ठरवावं लागेल. क्रीम पिवळंच ठेवून.