तळीराम: रंगभूमीवरून मथळ्यात

३१ डिसेंबर जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास दिसू लागतो: तळीराम. नाकाबंदीत तळीराम सापडतात, तळीरामांच्या गाड्या जप्त होतात, तळीरामांना दंड होतो. हा तळीराम मुळात नाटकातला एक कारकून आहे, हे बातमी वाचणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं.

राम गणेश गडकरी यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्याच वर्षी जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी गडकरी सावनेरला वारले. गंधर्व नाटक मंडळीने गाजवलेलं, सिंधूच्या भूमिकेतल्या बालगंधर्वांनी घराघरांत पोहोचवलेलं आपलं हे नाटक पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

नाटकाचा नायक सुधाकर हुशार आणि तितकाच मानी वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ काढून घेतली जाते, आणि अपमानाने धुमसणाऱ्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो तो त्याचाच कारकून, तळीराम. पुढे तो ‘आर्य मदिरा मंडळ’ही चालवतो. तिथे शास्त्री आणि खुदाबक्ष मांडीला मांडी लावून बसतात आणि पिण्याच्या बाजूने असे काही चुरचुरीत कोटिक्रम रंगतात की प्रेक्षक हसून बेजार होतो.

त्या हशातूनच हे नाव बोलीत उतरलं. नारद, शकुनी, कुंभकर्ण ही नावं सामान्यनामं झाली, पण त्यांच्यामागे पुराणांची पुण्याई होती. तळीरामाला ते भाग्य एका नाटकाने मिळवून दिलं. त्याचं अनेकवचन झालं, त्याला विभक्तीचे प्रत्ययही लागले. ‘दारुडा’, ‘बेवडा’ या शब्दांत तिरस्कार आहे; तोंडावर म्हटलं तर भांडण होईल. ‘काय तळीराम!’ म्हटलं तर समोरचा बहुधा हसेल.

हे हसू गडकऱ्यांच्या नाटकातलं अर्धंच आहे. तिथे सुधाकराच्या बायकोला, सिंधूला, पोटासाठी दळणं दळावी लागतात. नशेतल्या सुधाकराच्या हातून तिचं तान्हं मूल मरतं आणि शेवटच्या घटकेलाही ती फौजदाराला नवऱ्याविरुद्ध अवाक्षर सांगत नाही. खुद्द तळीरामही दारूपायीच जातो.

म्हणून थट्टामस्करीत हा शब्द खुशाल वापरावा. पण नशेतल्या चालकाने रस्त्यावर कुणाचा जीव घेतला असेल, तर त्या बातमीच्या मथळ्यात तरी संपादकांनी ‘तळीराम’ लिहू नये.