खुब्याच्या ऑपरेशननंतर पोटरी सुजली? तेल लावून चोळू नका, आधी दाखवा!

रत्नागिरी : पावसाळा लागला की चिऱ्याच्या पायऱ्या, विहिरीची वाट, गोठ्यापुढचं अंगण सगळं शेवाळानं निसरडं होतं. माडाची चुडतं टाकली तरी कुणीतरी घसरतंच. तरुण माणूस उठून कामाला लागतो, सत्तरीच्या आजीचा मात्र खुबा मोडतो. ऑपरेशन होतं, आजी घरी येते आणि कागदावर ‘फिजिओथेरपी करा’ असं लिहून मिळतं. पण आजीला नुसता मोडलेला खुबा नसतो. जोडीला शुगर असते, बीपी असतं, कधी हृदयाचा त्रासही असतो. म्हणून कुठला व्यायाम, किती आणि आज करायचा की नाही, हे रोज तपासून ठरवावं लागतं.

‘आज व्यायाम नको’ म्हणजे टाळाटाळ नव्हे

फिजिओथेरपिस्ट घरी येतात, बीपी बघतात, पाय बघतात आणि कधी कधी व्यायाम न घेताच ‘आधी डॉक्टरकडे न्या’ म्हणतात. घरचे वैतागतात. मुंबईहून मुलगा फोनवर विचारतो, ‘मग आले कशाला?’ पण तपासून थांबवणं हाही उपचाराचाच भाग आहे.

पोटरीची सूज

समजा, ऑपरेशनला दहा दिवस झालेत. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसते, गरम लागते, दाबली की दुखते. घरात पहिला विचार येतो तो तेल कोमट करून चोळण्याचा. इथेच धोका आहे. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो, आणि चोळल्याने ती सुटण्याची भीती असते.

हे नुसतं अंदाजाने ठरवत नाहीत. कॅनडाचे डॉ. वेल्स यांची गुण देण्याची पद्धत जगभर वापरली जाते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या टेपने मोजतात. फरक ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर एक गुण. गेल्या १२ आठवड्यांत मोठं ऑपरेशन झालं असेल तर एक. शिरेच्या रेषेत दाबल्यावर दुखत असेल तर आणखी एक. सुजेचं दुसरं सरळ कारण दिसत असेल तर दोन गुण वजा होतात. बेरीज दोन किंवा जास्त आली तर गुठळीची शक्यता जास्त धरतात. खात्री डॉप्लर सोनोग्राफीने होते.

गुठळी निघाली म्हणून आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवायचं, असंही नाही. रक्त पातळ करणारं औषध लागू झालं की डॉक्टरांना विचारून चालणं पुन्हा सुरू करतात.

शुगर आणि बीपी

शुगर ७० च्या खाली असेल तर व्यायाम नको. माणूस शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी द्यावं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. इन्सुलिन घेणाऱ्याची ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खायला द्यावं. २५० च्या वर असून उलट्या, गळून जाणं असेल तर व्यायाम सोडून डॉक्टर गाठावा.

बसून घेतलेलं बीपी १८०/११० च्या वर असेल तर साधारणपणे व्यायाम पुढे ढकलतात. उलटंही घडतं. झोपलेल्या आजीला उभं केलं की वरचा आकडा २० किंवा जास्तने घसरतो, चक्कर येते आणि आजी पुन्हा पडते. म्हणून आधी खाटेच्या कडेला थोडा वेळ बसवून मगच उभं करतात.

शुगरमुळे पाय बधिर असतील तर गरम पिशवीचा शेक देऊ नये. भाजलेलं कळत नाही, जखम मात्र महिनोन् महिने भरत नाही.

पडून राहणंही धोक्याचंच

या भीतीने व्यायाम बंदच करणं ही दुसरी चूक. सतत पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि गुठळीचा धोका आणखी वाढतो. एक दिवस थांबणं वेगळं, सोडून देणं वेगळं.

घरच्यांनी एवढं करावं

- एका वहीत रोजची शुगर, बीपी आणि चालू गोळ्या लिहाव्यात. डिस्चार्ज कार्ड त्याच वहीत ठेवावं.
- रोज सकाळी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघाव्यात.
- राज्य परिषदेकडे नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच व्यायाम घ्यावेत. तशी नोंदणी विचारायला संकोच नको.
- अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

आजीच्या पायाला तेल लावण्यात मायाच असते. पण सुजलेल्या पोटरीला हात लावण्याआधी ती डॉक्टरला दाखवून घ्या.