खुराकातील घाई, गोठ्यातील हानी

लग्नसराईत मांडवातील उरलेला भात, पुऱ्या, जिलेब्या टोपल्या भरून गोठ्यात नेण्याची रीत अनेक गावांत आहे. अन्न वाया जाऊ नये, मुक्या जनावराच्याही मुखी गोड घास पडावा, हा त्यामागील भाव. परंतु अशा घासांनी धडधाकट गाय दिवसभरात आडवी पडते, प्रसंगी दगावते. जनावर जाते, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र मागे उरतात.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवीत असतात. वैरण चघळताना सुटणाऱ्या लाळेत नैसर्गिक सोडा असतो. मोठ्या गाईला दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक लाळ सुटते आणि तिच्यामुळे कोठीपोटाचा सामू साधारणतः ६ ते ७ च्या दरम्यान राहतो. भात, धान्य, भरडा यांतील पिष्ट मात्र झपाट्याने आंबते. लॅक्टिक आम्ल साचते, सामू ५ च्याही खाली उतरतो आणि रवंथ थांबते. आम्ल न सोसणारे जिवाणू मरतात. त्यांच्यातून सुटलेली विषद्रव्ये पोटाच्या दुखावलेल्या अस्तरातून रक्तात शिरतात. पुढे खुरांना सूज येते, यकृतात गळवे होतात.

याचाच सौम्य पण फसवा प्रकार रोजच्या गोठ्यात आढळतो. गाय व्याली की अधिक दुधाच्या आशेने खुराक एकदम वाढविला जातो. मग शेण पातळ होते, गाय लंगडू लागते, दुधातील फॅट घटते. फॅटवर भाव ठरत असल्याने उत्पन्न कमी होते आणि ते भरून काढण्यासाठी पशुपालक आणखी खुराक घालतो! दुखणे त्यामुळे बळावते.

उपाय खर्चिक नाहीत. खुराकातील बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा. आधी वैरण, मग आंबोण, असा क्रम ठेवून दिवसाचा खुराक तीन-चार वेळांत विभागावा. कडबा फार बारीक कुटू नये. खुराकात खाण्याचा सोडा मिसळायचा असल्यास प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. धान्याच्या कोठीला कडी असावी. जनावराने धान्य वा शिळे अन्न भरपूर खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे.

दुभते जनावर ही कुटुंबाची मोलाची ठेव आहे. बचतीप्रमाणेच तिचे पोषणही थोडे-थोडे आणि नियमित असावे, यातच पशुपालकाचे हित आहे.