दूरचित्रवाणी संचातील ध्वनिमिश्रण व उच्च विभेदनाचे संगीत : वांगणीच्या संदर्भात

मध्य रेल्वेवरील बदलापूर व नेरळ या स्थानकांच्या दरम्यान असलेले वांगणी हे ठाणे जिल्ह्यातील गाव तेथे मोठ्या संख्येने राहणाऱ्या दृष्टिहीन कुटुंबांमुळे परिचित आहे. मुंबईच्या लोकल गाड्यांत किरकोळ वस्तू विकून अथवा गाणी म्हणून यांपैकी पुष्कळजण चरितार्थ चालवितात. अशा घरात दूरचित्रवाणी संच हे प्रथमतः ध्वनीचे साधन असते. आंतरजालावरील संगीत संचात घ्यावे व संचाला जोडलेल्या साउंडबारमधून ऐकावे, ही पद्धत आता सर्वत्र रूढ होत आहे. संगीतसेवा ज्या ‘उच्च विभेदना’ची ग्वाही देतात ते या मार्गाने श्रोत्यापर्यंत पोचते काय, आणि पोचत नसल्यास त्यात खरी हानी कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम आकड्यांचा अर्थ पाहणे इष्ट होय. ध्वनीची तरंगाकृती अंकांत उतरविताना तिचे ठराविक कालांतराने नमुने घेतले जातात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने असून प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. उच्च विभेदनाच्या संगीतात हेच प्रमाण बहुधा ९६,००० नमुने व २४ बिट असे असते, म्हणजे सेकंदाला ४६,०८,००० बिट. नायक्विस्ट (१९२८) व शॅनन (१९४९) यांच्या विवेचनानुसार नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापेक्षा कमी असलेल्या सर्व कंप्रता त्या नमुन्यांतून पूर्णपणे परत मिळविता येतात. दर वाढविला की अधिक उंच कंप्रता साठविता येतात. बिट वाढविले की अधिक मंद ध्वनी टिपता येतो. या आकड्यांतून याहून अधिक काही सूचित होत नाही.

या संगीताचा प्रवास कोठे अडतो, हे समजण्यास वांगणीच्या शेजारचेच उदाहरण उपयोगी पडेल. मुंबईहून येणारा रुंदमापी लोहमार्ग १६७६ मिलिमीटरचा. परंतु नेरळहून माथेरानला जाणारा, १९०७ मध्ये सुरू झालेला मार्ग केवळ ६१० मिलिमीटरचा. मुंबईहून कितीही मोठी गाडी आली तरी माथेरानच्या उतारूंना नेरळास उतरून लहान गाडीत बसावेच लागते. दूरचित्रवाणी संचात असेच एक नेरळ असते. संचाला एकाच वेळी अनेक ध्वनी सांभाळावे लागतात : गाणे, बटणाची टिकटिक, सूचनांचे आवाज. ते एकत्र करावयाचे तर सर्वांचा नमुनादर एकच असणे आवश्यक ठरते. चित्रपट व दूरचित्रवाणी यांचा प्रचलित दर ४८,००० असल्यामुळे अँड्रॉइडवर चालणाऱ्या संचांतील मिश्रकही सामान्यतः तोच वापरतो. त्यामुळे ९६,००० नमुन्यांचे गाणे येथे निम्म्यावर येते, तर कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर १४७ नमुन्यांमागे गणिताने १६० नमुने तयार केले जातात.

पुढील मार्गाची रुंदी जोडणीवर अवलंबून असते. प्रकाशतंतूची तार दोन वाहिन्यांचे पीसीएम संगीत सामान्यतः २४ बिट व ९६ किलोहर्ट्झपर्यंत वाहू शकते. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आलेली ‘एआरसी’ जोडणीही असंपीडित स्वरूपात दोनच वाहिन्या वाहते. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधील ‘ईएआरसी’ मात्र २४ बिट व १९२ किलोहर्ट्झच्या आठ वाहिन्या नेऊ शकते. तथापि मिश्रकाने जे आधीच ४८ किलोहर्ट्झवर आणले ते रुंद तारेने पुन्हा वाढत नाही. ब्लूटूथच्या सामान्य पद्धतीत तर संगीत संपीडित होऊन त्याचा काही अंश कायमचा गळतो.

आता हानीचा विचार. ४८,००० च्या दराने २४,००० हर्ट्झपर्यंतच्या कंप्रता टिकतात. निरोगी तरुण कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झची असून वयानुसार ती उतरत जाते. मिरजेच्या तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणाऱ्या ज्या स्वरांशांकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले, त्यांचा ऐकू येणारा सर्व विस्तार या मर्यादेच्या आतच आहे. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. शांत खोलीतील अंगचा आवाज ३० डेसिबल धरला, तर हा सगळा पल्ला वापरण्यासाठी संगीत १२६ डेसिबलपर्यंत, म्हणजे कान दुखण्याच्या पलीकडे, न्यावे लागेल. मेयर व मोरन यांच्या २००७ च्या चाचण्यांत श्रोत्यांची ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही इतकीच आली असती. राइस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. फरक मुळीच नाही असे यावरून म्हणता येत नाही; पण तो फार थोडा आहे. मूळ ध्वनिमुद्रणच मर्यादित असेल तर तोही उरत नाही. बालगंधर्वांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर जे उंच स्वरांश उतरलेच नाहीत, ते ९६,००० नमुन्यांनी निर्माण होत नाहीत.

याउलट ज्या मिश्रकाला शुद्ध संगीताचा शत्रू मानले जाते, तोच दृष्टिहीन श्रोत्याला अत्यावश्यक आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ‘टॉकबॅक’सारखा स्क्रीन रीडर गाण्यावर आपला आवाज चढवितो तो मिश्रकामुळेच. संपीडित डॉल्बी प्रवाह न उलगडता तसाच साउंडबारकडे पाठविला, तर हा आवाज त्यात मिसळता येत नाही. प्रत्येक गाण्यागणिक नमुनादर बदलू दिला, तर नव्या दराशी जुळवून घेताना साउंडबार क्षणभर मुका होऊ शकतो आणि वाचकाच्या शब्दाचे पहिले अक्षर गळते. ब्लूटूथवर आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे पडला तर गाणे ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही. परंतु बटण दाबून उत्तराची वाट पाहणाऱ्याची बोटे एक घर पुढे गेलेली असतात. डोळस माणसाला जी निवड केवळ चोखंदळपणाची, ती येथे संच वापरता येणे वा न येणे ठरविते.

म्हणून अशा घरासाठी तारेची जोडणी, ‘पीसीएम’ हे निर्गम आणि ४८ किलोहर्ट्झचा स्थिर दर ही व्यवस्था श्रेयस्कर ठरते. ४४.१ वरून ४८ कडे जाताना होणारे गणित काळजीपूर्वक केलेले असावे, ही अपेक्षा मात्र निर्मात्यांकडून रास्त आहे. कारण सदोष रूपांतराने उद्भवणारी विकृती ऐकू येण्याच्या टप्प्यातच पडते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये यूएसबीने जोडलेल्या साधनांसाठी मिश्रकाला वळसा घालणारी वाट उपलब्ध झाली. अशी वाट वैकल्पिक असावी आणि तिच्यात शिरण्याची व बाहेर पडण्याची सोय बोलक्या आवाजात असावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमातील कलम ४२ नित्य वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत असे सांगते. संचाची ध्वनिरचना त्यातून वगळण्याचे कारण नाही.

दोन ध्वनींची तुलना करताना त्यांची पातळी समान ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. आणि कोणता ध्वनी कोणता हे श्रोत्यास आधी कळू देऊ नये. यातील दुसरी दक्षता प्रयोगशाळेत मुद्दाम घ्यावी लागते. पडद्यावरचा आकडा ज्याला दिसतच नाही अशा वांगणीच्या श्रोत्यापाशी ती बव्हंशी आपोआप साधलेली असते. ध्वनिसाधनांच्या परीक्षणात त्याचे मत विचारण्याची प्रथा पडेल, तर परीक्षणाचाच दर्जा उंचावेल.