झऱ्याच्या पोटातली गुहा: यवतमाळात ऐकू येणारे समज आणि खरी गोष्ट

मोबाइलवर एक चित्रफीत सारखी फिरत असते. चार मित्र पाठीवर नळकांडी बांधून निळ्याशार झऱ्याच्या मुखातून आत शिरतात आणि विजेरीच्या उजेडात पांढऱ्या खडकाच्या कमानींखालून पुढे पुढे जात राहतात. ते पाणी असतं अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं, नाहीतर मेक्सिकोतल्या युकातानचं. आमच्या यवतमाळच्या मित्रमंडळात ती पाहिली की कोणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याकडेही असेलच की असं. कळंबच्या कुंडाखाली, उनकेश्वरला, सहस्रकुंडाच्या धारेमागे. कोणी शोधलं नाही, एवढंच." शनिवार-रविवारचा बेत ठरायला एवढं पुरतं. बेत जरूर ठरावा, ही सगळी ठिकाणं पाहण्यासारखीच आहेत. पण निघण्याआधी काही समज तपासून घ्यायला हवेत. त्यातल्या एक-दोन समजांपायी दरवर्षी माणसं जीवाला मुकतात.

पहिला समज जमिनीखालच्या नदीचा. "इथून खाली नदी वाहते" असं विहिरीचं पाणी शोधणारे सांगतात आणि आपण मान डोलावतो. नदी म्हटली की पात्र आलं, पात्र म्हटलं की पोकळी आली आणि पोकळीत माणूस मावेल असंही मन ठरवून टाकतं. प्रत्यक्षात यवतमाळ जिल्ह्याचा बराच मोठा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. हा खडक पाण्यात विरघळून गुहा होत नाही. फ्लोरिडा आणि युकातानचा खडक चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडीच्या भेगेतून जाताना ती थोडी थोडी विरघळवतं, आणि हे हजारो-लाखो वर्षं चाललं की भेगेचं भुयार होतं. आपल्या काळ्या दगडात पाणी शिरतं ते भेगांमधून, दोन थरांच्या सांध्यातून आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकातून.

हे डोळ्यांनी पाहायचं तर पुस्तक उघडायची गरज नाही. नव्याने खोदलेल्या एखाद्या बिनबांधणीच्या विहिरीच्या काठावर उभं राहावं. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग वजनदार काळा दगड, आणि त्या दगडाखाली कुठेतरी भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्याचा पट्टा. मधूनच विटकरी मातीची एक आडवी रेघ दिसते. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात हवा-पाण्याने कुजलेल्या थराची ती खूण. पाणी येतं ते नेमकं अशा सांध्यातून. कुठे ओल, कुठे थेंब, कुठे करंगळीएवढी धार. शेतकरी तिला झरा म्हणतो आणि ती आटली की विहिरीच्या आतून आडवं बोअर मारून आणखी भेगा गाठायला पाहतो. शंभर लिटर आकारमानाच्या अशा खडकातून वापरता येईल असं पाणी मिळतं साधारण एक ते तीन लिटर. भूजल एवढं कमी आणि एवढं विखुरलेलं असतं म्हणूनच एका शेतात पाणी लागतं आणि बांधाच्या पलीकडे बोअर कोरडं जातं. नदी वाहत असती तर असं झालं नसतं.

यावर जाणकार मित्र वणीचं नाव काढतात. "वणी, राजूर, मुकुटबनकडे तर चुनखडीच आहे!" अगदी खरं. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना त्याच दगडावर उभे आहेत. हा खडक आपल्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना, पृथ्वीवर प्राणी अवतरण्याच्याही आधीच्या समुद्रात साचलेला. पण चुनखडी दिसली म्हणजे गुहा असणारच, असं नसतं. खडक शुद्ध आणि जाड थरांचा हवा, पाऊस भरपूर हवा, पाण्याला खाली निसटायला उंच-सखलपणा हवा. मेघालयात हे सगळं जुळून आलं आणि तिथे कित्येक किलोमीटर लांबीच्या गुहा झाल्या. पैनगंगेच्या खोऱ्यातला चुनखडक बहुतेक ठिकाणी पातळ थरांचा, मधे मधे चिकणमातीचा अंश असलेला आहे आणि आपला पाऊस वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटरच्या आसपास. खऱ्या चुनखडीच्या गुहेत उतरायची हौस असेल तर विदर्भातल्या माणसाने जगदलपूरजवळचं कुटुमसर गाठावं. तिथे अंधारात राहून दृष्टी क्षीण झालेले मासे आहेत. पावसाळ्यात ती गुहा पर्यटकांसाठी बंद असते, कारण आत पाणी भरतं.

कळंबच्या चिंतामणीचं स्थान या सगळ्यात वेगळं आहे आणि मला ते फार प्रिय आहे. पायऱ्या उतरत जमिनीच्या पातळीखाली जायचं, गाभाऱ्यासमोर कुंड, इंद्राच्या शापमुक्तीची कथा. दर बारा वर्षांनी गंगा प्रकटते, कुंड भरून गाभाऱ्यात पाणी येतं आणि गणरायाच्या चरणांना स्पर्श करून ओसरतं, ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यावरून दोन टोकाचे निष्कर्ष निघतात. एक म्हणतो, खाली गंगेपर्यंतचं भुयार आहे. दुसरा म्हणतो, सगळी भाकडकथा. दोघेही कुंड नीट पाहत नाहीत. पाणी खरोखर चढतं आणि त्याला भुयार लागत नाही. गाभारा जमिनीखाली आहे, गावाजवळून चक्रावती नदी वाहते आणि भूजलाची पातळी वर्षभर खालीवर होत असते. उन्हाळ्याच्या अखेरीस ती तळाशी जाते, पावसाळा सरता सरता वर येते. लागोपाठ चांगला पाऊस झाला, खडक भरून गेला, की ही पातळी खोल बांधलेल्या कुंडाच्या तळाला गाठते आणि पाणी भेगांतून वर येऊ लागतं. वर्षभरात कुठली विहीर किती चढते-उतरते याच्या नोंदी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर घेत आली आहे. आजूबाजूला विंधन विहिरी वाढल्या, उपसा वाढला, की कुंडाचं पाणीही दुर्मिळ होणार. गंगा यावी असं मनापासून वाटणाऱ्या माणसाने परिसरातल्या उपशाकडे आणि नाल्यांच्या पुनर्भरणाकडे लक्ष द्यायला हवं.

उनकेश्वर आणि कापेश्वरच्या गरम पाण्याबद्दल थोडक्यात. "खाली ज्वालामुखी धगधगतोय" हे खरं नाही. दख्खनचे लाव्हाप्रवाह थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी खोल भेगेतून खाली जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं अशी उनकेश्वरची कथा आहे आणि त्वचारोग बरे होतात म्हणून दुरून लोक येतात. ऊब आणि खनिजं यांनी खाज थोडी शमू शकते. कुष्ठरोगावर मात्र औषधं आहेत, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि ती वेळेत घेतली नाहीत तर बोटं-पाय जायबंदी होतात.

आता पाण्यात शिरण्याकडे. "आपल्याला तर पट्टीचं पोहता येतं, नळकांडं मिळालं की झालं" असं म्हणणारा दोस्त प्रत्येक टोळीत असतो. त्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो हा समज इतका पक्का आहे की बातम्यांतही तसंच छापून येतं. असते ती साधी दाबून भरलेली हवा. शुद्ध ऑक्सिजन सुमारे सहा मीटरच्या खाली विषासारखा वागतो, झटके येऊ शकतात. शिवाय दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्ची पडते, तीस मीटरवर चौपट. वर तासभर पुरेल ती हवा तिथे पंधरा मिनिटांत संपते.

उघड्या पाण्यात काही बिघडलं तर वर यायला वाट असते. गुहेत डोक्यावर दगड. अमेरिकन गुहापाणबुडे शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये अशा अपघातांचा अभ्यास करून जे नियम मांडले, ते पुढे थोडी भर पडून आजही जगभर पाळले जातात: आधी त्यासाठीचं खास प्रशिक्षण घ्यायचं, बाहेरच्या उघड्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी टाकत जायचं, हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक परतीसाठी आणि एक राखीव ठेवायचा, नेमून दिलेली खोली ओलांडायची नाही आणि प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत. दोरी कशासाठी? तळाशी बसलेला बारीक गाळ पायाच्या एका फटक्याने उसळतो आणि काही सेकंदांत समोरचा हातही दिसेनासा होतो. मग दोरीवरून बोटं सरकवत बाहेर यायचं. एक्सलींसारखा निष्णात माणूसही १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या सकातोन विवरात मरण पावला. ज्या चित्रफिती आपण पाहतो त्यातले शनिवार-रविवार कित्येक वर्षांच्या सरावानंतर आलेले असतात.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेतली २०१८ ची घटना सगळ्यांना आठवते. २३ जूनला फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत अडकले, २ जुलैला सापडले, ८ ते १० जुलैदरम्यान बाहेर आले. महाराष्ट्राचाही त्यात हात होता, पाणी उपसण्याच्या सल्ल्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते. पण "मुलांना पटकन पोहायला शिकवून बाहेर काढलं" असं जे सांगितलं जातं, ते चुकीचं आहे. मुलांना गुंगीचं औषध देऊन, तोंडभर मुखवटा चढवून, हात बांधून, सामानासारखं पाण्याखालून वाहून आणलं. शुद्धीवर असती तर ती घाबरली असती आणि त्या अरुंद, गढूळ वाटेत भीतीने मुलगाही गेला असता आणि त्याला आणणाराही. त्यांना शोधून काढणारे रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन हे दोघे ब्रिटिश हौशी गुहापाणबुडे होते. एक अग्निशमन दलात होता, दुसरा संगणकाच्या व्यवसायात. याच मोहिमेत थायलंडच्या नौदलाचे माजी जवान समान गुनान ६ जुलैला हवेअभावी मरण पावले. मुलं बसली होती त्या पोकळीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १५ टक्क्यांवर आला होता.

हा शेवटचा आकडा यवतमाळच्या प्रत्येक शेतकऱ्याने आणि त्याच्या पोराने लक्षात ठेवावा, कारण आपल्याकडची गुहा म्हणजे विहीर. उन्हाळ्यात गाळ काढायला, मोटर बसवायला, पडलेली बकरी काढायला माणूस उतरतो आणि खाली कोसळतो. "भोवळ आली", "पाय घसरला" म्हणत दुसरा धावतो, मग तिसरा. कुजणाऱ्या पालापाचोळ्यामुळे खोल, बंद विहिरीत ऑक्सिजन कमी होतो आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. डिझेल इंजिन आत चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. धाडसाचा किंवा ताकदीचा इथे काही उपयोग नाही, दोन-चार श्वासांत शुद्ध हरपू शकते. जुनी माणसं आधी पेटता कंदील सोडत. तो विझला तर उतरायचंच नाही, हे अगदी बरोबर. पण तो पेटता राहिला म्हणजे हवा चांगली, हे चूक. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत जळत राहते आणि ज्वालाग्राही वायू असेल तर भडका उडेल. उतरण्याआधी ताजी हवा बराच वेळ आत सोडायची, उतरणाऱ्याच्या छाती-खांद्याला दोर बांधायचा, वर त्याला ओढू शकतील अशी माणसं ठेवायची. तो कोसळला तर वरूनच ओढायचा. मागोमाग कोणीही उडी टाकायची नाही.

आणि सहस्रकुंड. अलीकडे उमरखेड तालुका, पलीकडे इस्लापूर, मधे पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. पावसाळ्यात तिथला धबाबा ऐकण्यासारखा असतो. "धारेखालच्या डोहात सूर मारला की पाणीच वर फेकतं" हे मी काठावरच ऐकलं आहे. पाणी वर फेकत नाही. धारेखालचं फेसाळ पाणी हवेच्या बुडबुड्यांनी हलकं झालेलं असतं, त्यात शरीर तरंगायला हवं तेवढं उचललं जात नाही. कोसळणाऱ्या धारेमुळे पाणी परत धारेकडेच ओढलं जातं. आणि प्रवाहाने खडकाच्या पायथ्याशी कोरलेल्या कपारी असतात. आपल्या जिल्ह्यात पाण्याखाली छप्पर असलेली जागा शोधायचीच असेल तर ती ही. तिथे अडकलेला माणूस दोन-दोन दिवस वर येत नाही आणि त्याला काढायला गावचे गोताखोर जीव मुठीत धरून उतरतात. वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे. इथे ऊन पडलेलं असतानाही विसर्ग सुटला की पाणी चढतं. त्यामुळे खडकाच्या मधल्या उंचवट्यावर डबा उघडून बसण्याआधी विसर्गाची चौकशी करावी. कोणी पडलंच तर दोर, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. असा कॅन माणसाला तरंगत ठेवतो.

राहिलं पिण्याचं पाणी. झऱ्याचं, खडकातून गाळून आलेलं म्हणून ते शुद्ध, असं म्हणत बाटल्या भरल्या जातात. खडक गाळतो तसाच पाण्यात मिसळतोही. जिल्ह्याच्या केळापूर, झरी जामणी या भागांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, पुढे सांधे आणि पाठ आखडते. फ्लोराइडला रंग, वास, चव काही नसतं आणि पाणी उकळून ते कमी होत नाही. उलट वाफ गेल्याने त्याचं प्रमाण किंचित वाढतं. ज्या गावात मुक्काम असेल तिथल्या ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा अहवाल असतो, तो मागून पाहावा.