इफ्तारच्या वेळी वाजणारा सायरन

सायंकाळची अजान होते आणि जिंतूरमध्ये घरोघरी खजुराने रोजा सोडला जातो. त्याच वेळी परभणी रस्त्यावर अपघात झाला, तर १०८ रुग्णवाहिकेच्या डॉक्टर आणि चालकाला ताटावरून उठावे लागते. राज्यात २०१४ पासून ही सेवा मोफत मिळते. एक जीव वाचवणे म्हणजे अवघ्या मानवजातीला वाचवणे, अशी कुरआनची शिकवण आहे. जखमीचा धर्म तिथे कोणी विचारत नाही.

जखमीला दवाखान्यात सोडले तरी डोळ्यांपुढचे दृश्य जात नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात ढिगारे उपसणाऱ्यांनी हजारो मृतदेह पाहिले. अशा कामानंतर झोप उडते, चिडचिड होते, घास उतरत नाही. सब्र म्हणजे दुःख गिळून गप्प राहणे नव्हे. पुत्र इब्राहीमच्या निधनावेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांचेही डोळे पाणावले होते. म्हणून सहकाऱ्यांशी, घरच्यांशी मोकळे बोलावे. 'टेली मानस'च्या १४४१६ क्रमांकावरही मोफत समुपदेशन मिळते.

या रमजानमध्ये इफ्तारचे एक ताट रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचवू या. 'जेवलात का?' असे विचारू या आणि ते बोलू लागले, तर घडीभर बसून ऐकू या.